ओचानोमिझूची वाद्यपेठ

टोकियोतील ओचानोमिझू स्थानकातून बाहेर पडताच उताराच्या रस्त्यावर दुतर्फा गिटारींची दुकाने लागतात. ओकाचिमाचीच्या रत्नबाजारातून येथे आलेल्या व्यापाऱ्याला ही पेठ परकी वाटत नाही. येथेही पारख हेच भांडवल.

१९६० च्या दशकातील फेंडर बास गिटारचा क्रमांक दांडीच्या बुडाशी, मागील पत्र्यावर असतो. तो पत्रा चार स्क्रूंवर बसत असल्याने सहज बदलता येतो. म्हणून जाणकार दांडी उतरवून तिच्या बुडावरील तारीख पाहतो. आवाजाच्या बटणांखालील भागांवरचे आकडेही तो वाचतो : १३७६६३३ म्हणजे सीटीएस कारखाना, १९६६ साल, ३३ वा आठवडा. डाख नवा दिसल्यास त्याला शंका येते.

एका वाद्याला बांधलेली चिठ्ठी सोबतच्या स्नेह्याने वाचून दाखवली : ‘रंग नवा, आतील भाग बदललेले.’ किंमत त्यामुळे उतरली होती. तरी विक्रेत्याने ते लपवले नव्हते.

‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात ‘प्रतिरूपक-व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल विकणे, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. ग्राहकाला न दिसणारा बदल विक्रेत्यानेच आधी सांगावा, हा त्या सूत्राचा अर्थ मला त्या चिठ्ठीपाशी नव्याने उमगला.