खरखरीतपणाचे गणित

लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, होणारी बहुतेक कामे धातू कापून त्याला हवा तो आकार आणि गुळगुळीत पृष्ठभाग देण्यासाठी असतात; नर्लिंग मात्र तो गुळगुळीत पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करते, कारण तो भाग बहुधा माणसाच्या बोटांनी धरायचा असतो. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या प्रस्तुत लेखकाच्या पिढीला ही नक्षी प्रथम भेटली ती कंपासाच्या माथ्यावरील छोट्या मुठीवर. पुढे आयटीआयच्या टर्नर शाखेत ती मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर दिसली आणि तेथेच ती नुसती वापरण्याची न राहता स्वतः करण्याचे काम बनली.

नर्लिंगमध्ये धातू सहसा कापला जात नाही, दाबला जातो. कठीण पोलादाच्या दातेरी चक्र्या फिरत्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, जोराने टेकवल्या की धातू दात्यांमधून वर उठतो आणि जॉबचा व्यास किंचित वाढतो. सरळ रेषांसाठी एक चक्री पुरते. चौकटीच्या नक्षीसाठी मात्र एकमेकींविरुद्ध कललेल्या दात्यांच्या दोन चक्र्या लागतात. नक्षी स्वच्छ उठण्यासाठी जॉबच्या परिघात पिचचे, म्हणजे लगतच्या दोन दात्यांमधील अंतराचे, पूर्ण पट बसावे लागतात. सरळ नर्लिंगचा पिच 1 मिलिमीटर असेल, तर 19.74 मिलिमीटर व्यासावर 62 आणि 20.05 मिलिमीटर व्यासावर 63 दाते बसतात. व्यास या दोहोंच्या मध्ये पडला, तर दुसऱ्या फेऱ्यात चक्री पहिल्या खाचांच्या अधेमधे उतरून दुहेरी, बारीक आणि चिरडलेली नक्षी उठू शकते. भित्र्या हाताने हलका दाब दिल्यासही हेच घडते. म्हणून चक्रीची अर्धी रुंदी जॉबच्या कडेवर ठेवून पहिलाच दाब ठाम द्यायचा, वेग साध्या कातकामाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवायचा, जॉबच्या मोकळ्या टोकाला टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या सरकत्या भागाच्या, टोकदार सेंटरचा आधार द्यायचा आणि दात्यांत अडकणारा कीस धुऊन जाईल इतके तेल सोडत राहायचे, अशी या कामाची शिस्त आहे.

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतील आणि साकीनाक्याच्या गाळ्यांतील टर्नरला ही शिस्त पुस्तकापेक्षा हाताने अधिक कळत असे. घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावरील अनेक कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत. त्या मनोऱ्यांच्या व्यायामशाळांत वजनाचा दांडा घामेजल्या तळव्यातून निसटू न देणारी नक्षी मात्र तीच आहे. बोटांतला जोर ओसरू लागल्यावर लेखकाला तिचे मोल अधिक उमगले. शिकाऊ वयात नर्लिंग ही व्यासाच्या अचूकतेची परीक्षा वाटत होती; उतारवयात कळले की नंतर कोणाच्याही हातात जाणाऱ्या वस्तूसाठी कारागीर चक्री टेकवण्याआधी जे गणित करतो, तो त्या अनोळखी हाताचाच विचार असतो.