पेंडिंग पेमेंट आणि पत कोणाची?

जयंतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी, आम्ही चौघं गंगापुरात कापड घ्यायला गेलो होतो. झेंड्यांसाठी निळं कापड, दोन पंचशील ध्वज, पताकांसाठी दोरी आणि स्टेजच्या मागं लावायला पांढरा पडदा. वर्गणीचे पैसे आमच्यातल्या एकाच्या खात्यावर होते. आता वर्गणीसुद्धा लोक फोनवरच पाठवतात. बिल झालं ४,२६० रुपये. स्कॅन केलं, पिन टाकला आणि स्क्रीनवरची चकरी फिरत राहिली. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण दुकानातला स्पीकर काही बोलेना.

"पेंडिंग दाखवतंय," आमचा मित्र म्हणाला.

"मग माल पण पेंडिंग," दुकानदार हसून म्हणाला. "पैसे आले की घेऊन जा भाऊ."

इथपर्यंत आमची तक्रार नाही. धंदा करणाऱ्यानं खात्री करून घेतलीच पाहिजे. खोटा स्क्रीनशॉट दाखवून पसार होणारे आम्हीही पाहिलेत. आमच्या वस्तीतल्या एका भावाची वडापावची गाडी आहे, त्याला असा दोनदा चुना लागला आणि तेव्हापासून तो स्पीकर बोलल्याशिवाय पुडी हातात देत नाही.

आम्ही बाकावर बसून राहिलो. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आहेराचं कापड घ्यायला. बिल आमच्या दुपटीहून जास्त. त्यांचंही पेमेंट अडकलं. त्यांना मात्र दुकानदार म्हणाला, "न्या हो दादा, येतील तवा येतील." पिशव्या गाडीला लावून द्यायला पोरगा धावला.

आम्ही विचारलं, त्यांचे आले का? "त्यांना ओळखतो ना आपण," एवढंच उत्तर. ओळखतो तर तो आम्हालाही. कित्येक वर्षं एप्रिलात निळं कापड आम्ही त्याच्याकडूनच नेत आलोय.

त्या दिवशी यूपीआय देशभर अडखळत होतं हे आम्हाला नंतर कळलं. त्याआधी २६ मार्चलाही तसं झालं होतं. पुढं जे कारण सांगितलं गेलं ते असं की, काही बँकांच्या यंत्रणा 'व्यवहार झाला का, झाला का' अशी विचारणा इतक्या वेळा करत राहिल्या की त्या विचारणांच्या ओझ्यानंच रस्ता तुंबला. दुकानदाराचा दोष नव्हता, आमचाही नव्हता. दोन गिऱ्हाईकं, एकच बिघाड. प्रश्न एवढाच की बिघाडाचा भुर्दंड कोणी सोसायचा. आम्ही सोसायचा, दादांनी नाही, हे त्या काउंटरवर अर्ध्या मिनिटात ठरलं.

यावर आमच्यातच भांडण झालं, ते इथं लपवत नाही. एक जण म्हणाला, प्रत्येक ठिकाणी जात शोधू नका. त्या माणसाची उधारी तिथं वर्षानुवर्षं चालते, म्हणून दुकानदाराचा विश्वास आहे. दुसरा म्हणाला, बरोबर, पण ती उधारी कशाच्या जोरावर चालते? सातबाऱ्याच्या. कपाशी घरात आली की पैसे येणार हे दुकानदाराला माहीत आहे. ज्याच्या बापजाद्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्याचं खातं त्या वहीत उघडणार कसं? ओळख ही काही आपोआप होत नाही. ती तीन पिढ्यांच्या मालमत्तेतून होते. आम्हाला हे दुसरं म्हणणं पटतं. दुकानदार आम्हाला वाईट बोलला नाही, चहासुद्धा विचारला. तरीही माल त्यानं ठेवून घेतला आणि त्यांचा दिला.

म्हणून नगद पैशाबद्दल आमच्या म्हाताऱ्यांना जे वाटायचं ते आम्हाला त्या दिवशी नव्यानं समजलं. आमच्यातल्या एकाचे आजोबा लासूर स्टेशनवर हमाली करायचे. गंगापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं हाली सिक्का चालायचा, इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत, आणि शंभर कलदाराला जवळपास एकशे सतरा हाली असा भाव होता. गावात राहिलेल्या त्यांच्या भावाला बलुतं मिळायचं. सुगी झाली की खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि पाटलाच्या मनात येईल तेवढं पदरात घ्यायचं. हमालीचे पैसे मात्र कनवटीला असायचे. दुकानदार नाणं उंबऱ्यावर ठेवायला लावायचा, त्यावर पाणी शिंपडायचा, पुडी वरून टाकायचा. अपमान होताच. पण नाणं दिलं की माल द्यावाच लागायचा. 'तुझी पत काय' हे विचारायची सोय त्या नाण्यानं ठेवली नव्हती.

क्यूआर कोडमुळे उंबऱ्यावरचं पाणी गेलं, ही चांगलीच गोष्ट आहे. कोणी कोणाच्या हाताला हात लावायचा प्रश्नच उरला नाही. पण पेमेंट अडकलं की आपण पुन्हा पतीवर येतो. आणि पत ही गावात अजून आडनावाला चिकटलेली आहे.

आडनावाचंही ऐका. नोटेवर देणाऱ्याचं नाव नसतं, फोनवर पूर्ण नाव जातं. आमचा एक मित्र वाळूज एमआयडीसीत कामाला लागला. खोली पाहिली, मालकाला आवडला, ५०० रुपये टोकन म्हणून तिथंच पाठवले. मालकाच्या स्क्रीनवर नाव उमटलं. संध्याकाळी पैसे परत, सोबत निरोप की खोली आधीच दुसऱ्याला दिली होती. पाठ फिरेपर्यंत ती खोली रिकामी होती. आता तो कुठंही टोकन नगदीच देतो.

बाकी रोजची रड तुम्हाला माहीत आहेच. एका दुकानात पन्नासच्या खाली ऑनलाइन चालत नाही, शेजारच्या दुकानात सुट्टे नाहीत म्हणून ऑनलाइनच करा, नाहीतर दोन चॉकलेटं घ्या. कार्ड दिलं तर 'दोन टक्के जास्त लागतील'. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला बँकेचं शुल्कच नाही, मग जनधनच्या रुपे कार्डावर हे दोन टक्के कशाचे, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे. बायांचे हाल वेगळेच. खातं तिच्या नावाचं, मजुरी तिच्या घामाची, पण खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि फोन त्याच्या खिशात. दुकानात तेल घ्यायला गेलेली मावशी नवऱ्याची वाट पाहत उभी राहते. साध्या बटणाच्या फोनसाठी २०२२ च्या मार्चमध्ये यूपीआय १२३पे आलं. आमच्या वस्तीत ते वापरणारं माणूस अजून आम्हाला भेटलेलं नाही.

या सगळ्याला बाबासाहेबांचं नाव जोडलेलं आहे. ३० डिसेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर दोन महिन्यांच्या आत, पंतप्रधानांनी 'भीम' ॲप आणलं आणि ते नाव बाबासाहेबांशी जोडलं. आपल्यातल्या अनेकांनी फोनवर ते अभिमानानं घेतलं, आम्हीही घेतलं. पण ज्यांचं नाव दिलं त्यांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिलं, त्यात काय आहे हे विचारणारे थोडे. (रिझर्व्ह बँक त्या पुस्तकातूनच जन्मली असं आपल्या भाषणांत ठोकून दिलं जातं. त्या वादात आम्ही इथं शिरत नाही. तेवढं न म्हणताही पुस्तक मोठंच आहे.) रुपया घसरला की देशाचा फायदा होतो असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी त्यात उत्तर दिलंय: हा देशाचा फायदा नव्हे, एका वर्गाच्या नुकसानीतून दुसऱ्या वर्गाला झालेला फायदा आहे, कारण भाव चढतात आणि मजुरी मागं राहते. पैशाच्या व्यवस्थेत बदल होतो तेव्हा तोटा कोणाच्या वाट्याला जातो, हे बघायची ती रीत आहे. कॅशलेसचा हिशोबही त्याच रीतीनं मांडायला हवा.

आम्ही नोटांकडे परत चला म्हणत नाही. वडापावच्या गाडीवरचा आमचा भाऊ त्या स्पीकरशिवाय धंदा करू शकणार नाही. पण नियम माहीत असले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानात यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेनं द्यायची आहे. व्यवहाराचा बारा आकडी नंबर जपून ठेवा. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मंडळाच्या बैठकीत आम्ही हे फळ्यावर लिहिलं तेव्हा निम्म्या पोरांनी फोटो काढून घेतला. दोघांचे तर जुने पैसे अडकलेले निघाले.

त्या शनिवारी आम्ही रिकाम्या हातानं वस्तीत आलो. मावश्यांनी डब्यातले, उशाखालचे काढून दिले. दहाच्या, वीसच्या नोटा, एकीनं तर नुसती चिल्लर. रविवारी दुसऱ्या दुकानातून कापड आणलं आणि रात्रभर बसून पताका लावल्या. अडकलेले ४,२६० रुपये मंगळवारी, १५ तारखेला खात्यात परत आले. मंडळाच्या वहीत ज्याचे त्याचे नगद परत केल्याच्या सह्या आणि अंगठे आहेत.

त्याच आठवड्यात आम्ही पहिल्या दुकानात गेलो. भांडायला नाही. "तुम्ही मनाला लावून घेतलं," दुकानदार म्हणाला. आम्ही म्हटलं, एक पाटी लावा: पेमेंट अडकलं तर माल सगळ्यांचाच थांबेल, नाहीतर नाव-नंबर लिहून घेऊन सगळ्यांचाच जाईल. दोन्हींपैकी काहीही चालेल, आमचं काही म्हणणं नाही. त्यानं मान डोलावली, बघू म्हणाला. परवा तिकडून गेलो तेव्हा स्पीकर नवा होता, क्यूआर कोडही दोन झाले होते. पाटी लागलेली नव्हती.