घोडी ओळखू येईल असा फोटो

भीमथडी हा भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातला देशी घोडा आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. ज्या मुलखात हा घोडा वाढला त्याचेच नाव त्याला मिळाले. ब्रिटिशकाळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. लहान चण, कठीण खूर आणि थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारण्याची ताकद ही त्याची ओळख. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरलेल्या अरबी आणि इराणी घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होत तो घडला असे मानले जाते. मराठ्यांच्या घोडदळात दख्खनी तट्टांचे स्थान मोठे होते, आणि राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. १८१८ साली पेशवाई संपली, सरदारांच्या पागा मोडल्या आणि लढाऊ घोड्याची मागणी ओसरली. धनगरांच्या वाड्यावर मात्र त्याचे काम संपले नाही, म्हणून तो टिकला.

धनगर मेंढपाळांची फिरती वस्ती म्हणजे वाडा. पावसाळ्याचे महिने ही कुटुंबे बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर अशा कमी पावसाच्या तालुक्यांत, आपापल्या गावी काढतात. दिवाळीनंतर त्यांतले अनेक वाडे सह्याद्रीतले घाट उतरून कोकणात जातात. भातकापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा जुना व्यवहार आहे. कोकणचा धो धो पाऊस मेंढरांना सोसत नाही. त्यामुळे मृग लागण्याआधी वाडे पुन्हा देशावर येतात. वाटचालीत पुरुष मेंढरांमागे रानातून चालतात, तर बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढचा मुक्काम गाठतात. मेंढरांभोवती लावायची जाळी, म्हणजे वाघूर, भांडीकुंडी, पिठाची पोती, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी एखादे लहान मूल, हे सारे घोड्याच्या पाठीवर असते. घोडी लंगडली की वाडा थांबतो.

एवढे काम करणाऱ्या या जनावराचा मालकाकडे बहुधा एकही कागद नसतो. घोडी बापाकडून मुलाकडे येते, सोयऱ्यांमध्ये दिली-घेतली जाते, क्वचित बाजारात विकली जाते. हरवली, चोरीला गेली किंवा रस्त्यावर वाहनाखाली सापडली, तर ती आपलीच हे परक्या जिल्ह्यात सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न उभा राहतो. घोड्याच्या फोटोचा या समाजाला होणारा पहिला उपयोग इथेच आहे. प्रस्तुत लेखकाने बारामती आणि इंदापूर परिसरातल्या वाड्यांवर चार हंगाम घोड्यांचे फोटो काढले. पुढची माहिती त्या अनुभवातून आली आहे.

पहिल्या हंगामातले फोटो देखणे होते. दिवस मावळताना सूर्याकडे कॅमेरा धरून ते काढलेले होते. धुळीचा सोनेरी पडदा, त्यात काळ्या आकृतीसारखी चालणारी घोडी आणि पाठीवरच्या ओझ्याची रेषा, असा त्यांचा ढंग होता. शहरात ज्यांनी ते पाहिले त्यांना ते आवडले. त्यांतल्या काही फोटोंच्या मोठ्या प्रती करून लेखकाने त्या वाड्यावर नेऊन दिल्या. एका म्हाताऱ्या आजीने फोटो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ह्यात आमची घोडी कुठं हाय, बाळा? ह्यो तर नुसता उजेड हाय.” तो प्रश्न तेव्हा म्हातारपणाच्या नजरेचा वाटला.

त्याच हंगामात, वाडा घाटाकडे निघाला असताना, रात्रीच्या मुक्कामावरून त्या आजीची चंद्री नावाची घोडी गेली. शोधाशोध सुरू झाली तेव्हा लेखकाकडे चंद्रीचे ४० हून अधिक फोटो होते. एकाही फोटोत तिच्या कपाळावरचा टिळा दिसत नव्हता, मागच्या कोणत्या पायाला पांढरे आहे हे कळत नव्हते, अंगाचा रंगही नक्की सांगता येत नव्हता. वाटेवरच्या गावांत आणि बाजारांत दाखवायला त्यातला एकही उपयोगी पडला नाही. चंद्री सापडली नाही. त्या कुटुंबाने उरलेला प्रवास बिऱ्हाड डोक्यावर आणि शेजाऱ्यांच्या घोड्यांवर वाटून केला. आजीने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता, हे लेखकाला त्या वेळी कळले. पुढच्या तीन हंगामांच्या कामाची दिशा त्या एका वाक्याने ठरली.

ओळखीसाठी काढायच्या फोटोची पद्धत सोपी आहे, पण ती काटेकोरपणे पाळावी लागते. घोडा सपाट जमिनीवर, पाठीवरचे खोगीर आणि ओझे उतरवून उभा करावा. कॅमेऱ्याकडच्या बाजूचे दोन पाय थोडे बाहेरच्या अंगाला आणि पलीकडचे दोन थोडे आत असले, की चारही पाय वेगवेगळे दिसतात. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा. सकाळचा कोवळा प्रकाश यासाठी सर्वांत चांगला. कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या मध्याच्या उंचीवर धरावा. भीमथडीची चण लहान असल्याने त्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि पाठ रुंद दिसते. घोड्याच्या अगदी जवळ जाऊन मोबाइलने काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि मागचा भाग लहान येतो. पुरेसे लांब उभे राहून १०० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढले, तर शरीराचे प्रमाण खरे उतरते.

एका घोड्याचे किमान चार फोटो लागतात: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून आणि मागून. दोन्ही बाजू घेणे आवश्यक असते, कारण पायांवरचे पांढरे आणि अंगावरचे ठिपके दोन्हीकडे सारखे नसतात. त्यानंतर कपाळ, मान आणि छातीवरच्या भोवऱ्यांचे जवळून फोटो घ्यावेत. केस ज्या बिंदूभोवती वळतात तो भोवरा. घोडेवाले लोक भोवऱ्यावरून शुभाशुभ पाहतात, आणि ओळखीच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व मोठे आहे. भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही. जगभर घोड्यांच्या ओळखपत्रांत म्हणूनच त्याची नोंद करतात. रंग मात्र बदलतो. शिंगराची पहिली लव झडल्यावर खालून वेगळा रंग निघतो. सब्जा घोडा बहुधा गडद रंगाचा जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. त्यामुळे लहान जनावराचे फोटो दर हंगामाला नव्याने काढावे लागतात.

घोड्याला न बिचकवता हे काम करणे महत्त्वाचे असते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. थेट मागची आणि नाकासमोरची अगदी जवळची जागा तेवढी दिसत नाही. त्यामुळे मागून जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. फ्लॅश वापरू नये. कान टवकारलेले हवे असतील तर समोर काही अंतरावर एखाद्या पोराने गवताची पेंढी हलवली की पुरते. घोडी धरायला तिच्या रोजच्या माणसालाच सांगावे. वाड्यांवर ते माणूस बहुतेक वेळा बाई असते, कारण घोड्यांची देखभाल, ओझे लादणे आणि वाटेने नेणे ही कामे बायांकडेच असतात. सुरुवातीला लेखक पुरुषांना माहिती विचारत होता. घोडीचे वय, तिची आई कोण, ती कधी व्याली, कोणत्या पायाला जुनी दुखापत आहे, हे बायांना तोंडपाठ असल्याचे दुसऱ्या हंगामात लक्षात आले आणि तेव्हापासून नोंदीतली माहिती त्यांच्याकडूनच घेतली गेली.

नोंदीचे रूप पुढीलप्रमाणे ठरले. प्रत्येक घोड्यासाठी एक पान. त्यावर चार फोटो, आणि खाली मालकाच्या घरात वापरतात ते जनावराचे नाव, रंग, टिळा, पायांचे पांढरे, भोवरे, अंदाजे वय आणि फोटोची तारीख. रंगासाठी वाड्यावरचेच शब्द ठेवले: तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ असलेला कुमाईत, दुरंगी ठिपक्यांचा अबलख, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी. या शब्दांनी केलेले वर्णन त्या मुलखातल्या कोणत्याही बाजारात लगेच समजते. पानाच्या दोन प्रती काढल्या. एक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कुटुंबाकडे दिली, दुसरी गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवली. तिसरी प्रत मोबाइलमध्ये राहते; पण पावसात, घाटात आणि चार्जिंग नसलेल्या मुक्कामावर कागदच हाती लागतो.

या पानांचे उपयोग हळूहळू वाढत गेले. पशुवैद्याला पूर्वीच्या फोटोशी ताडून घोडीचे वजन उतरले आहे का, पाठीवर ओझ्याने घासून झालेली जखम जुनी की नवी, हे पाहता येऊ लागले. खुरांच्या फोटोंवरून नाल कधी बदलायला हवा याची चर्चा नालबंदाशी करता आली. जनावराचा विमा उतरवताना किंवा अपघातानंतर पंचनामा होताना ओळखीचा पुरावा तयार असतो. विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाला स्वच्छ फोटो आधी पाठवता येतो आणि पडेल भावात जनावर देण्याची वेळ टळते. तिसऱ्या हंगामात एका कुटुंबाची भरकटलेली घोडी शेजारच्या तालुक्यात कोणाच्या तरी दावणीला सापडली. पानावरच्या मानेच्या भोवऱ्याचा आणि मागच्या डाव्या पायाच्या पांढऱ्याचा मेळ बसला आणि ती भांडणाशिवाय परत मिळाली.

चालीच्या अभ्यासासाठीही फोटोंचा उपयोग होतो. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, या प्रश्नाचे उत्तर एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून दिले: ते सुटतात. आज साध्या कॅमेऱ्यावर एक हजारांश सेकंदाच्या वेगाने लागोपाठ फोटो घेतले, की दुडक्या चालीतल्या प्रत्येक पावलाची ठेवण दिसते. एखादा पाय नेहमीपेक्षा कमी वेळ टेकत असेल, तर लंगडेपणाची सुरुवात उघड्या डोळ्यांआधी फोटोत सापडते.

याहून मोठा संदर्भ जातीच्या नोंदीचा आहे. भारतातल्या देशी पशुजातींची अधिकृत नोंद हरियाणातील करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो. जातीचे वर्णन सादर करताना शरीराची मापे, रंग, संगोपनाची पद्धत यांबरोबर नर, मादी आणि कळपाचे फोटो द्यावे लागतात. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या घोड्यांनंतर भीमथडीची नोंद आठवी देशी जात म्हणून झाली. तोवर अनेकांच्या लेखी हे केवळ ओझ्याचे गावठी तट्टू होते. जातीला नाव मिळाल्यावर चांगल्या वळूची निवड, संकर टाळणे आणि पैदाशीची नोंद ठेवणे यांना आधार मिळतो. वाड्यावाड्यांवर आई आणि शिंगरू यांचे फोटो एकाच पानावर जमत गेले, तर पैदाशीची नोंद घरातच तयार होते.

देखण्या फोटोंचीही जागा आहे, आणि ती पैशांच्या संदर्भात आहे. चौथ्या हंगामात निवडक १२ फोटोंची दिनदर्शिका छापून पुण्यातल्या ओळखीच्या लोकांत विकली. छपाईचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम जंताची औषधे, धनुर्वाताच्या लसी आणि पाठीच्या जखमांचे मलम यांवर खर्च झाली. कोणते फोटो छापायचे हे वाड्यावर बसून, संबंधित कुटुंबांना विचारून ठरले. दोन कुटुंबांनी नकार दिला आणि त्यांचे फोटो वगळले. प्रत्येक पानावर घोडीचे नाव छापले. हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

अशा कामात काही पथ्ये पाळावी लागतात. मुक्कामाची जागा आणि प्रवासाचा मार्ग फोटोबरोबर प्रसिद्ध करू नये, कारण चोरांना तीच माहिती हवी असते. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप साठते. ती बंद करावी. मोकळ्या माळावर नाहणाऱ्या, दूध पाजणाऱ्या, झोपलेल्या माणसांचे फोटो काढू नयेत. उघड्यावरचा वाडा हे त्यांचे घरच असते. जखमी जनावराचा फोटो पशुवैद्यासाठी काढावा आणि त्याच्यापुरताच ठेवावा. सकाळी वाडा हलण्याच्या घाईत कोणाला थांबवू नये. आणि काढलेल्या प्रत्येक फोटोची प्रत मालकाला मिळाली पाहिजे.

हंगामाअखेरीस, मृगाच्या सुमारास वाडे गावी परतले, की पानांची तपासणी होते. मेलेल्या आणि विकलेल्या जनावरांची नोंद केली जाते, नव्या शिंगरांची पाने जोडली जातात, वाढत्या जनावरांचे फोटो पुन्हा काढले जातात. आजीच्या कुटुंबाने चंद्रीनंतर घेतलेल्या कुमाईत घोडीचे पान त्या तपासणीत सर्वांत आधी येते. तिच्या कपाळावर भोवरा आहे, पुढच्या उजव्या पायाला खुराच्या वर पांढरी कड आहे, आणि या दोन्ही खुणा फोटोत स्पष्ट दिसतात.