वऱ्हाडच्या विद्याखात्यातील एक साहित्यिक

उत्तम हेडमास्तर दिसला की त्याला बढती देऊन इन्स्पेक्टर करावयाचे, ही जी वहिवाट इंग्रजी अमदानीतील विद्याखात्यात पडली, तिने खात्याचा लाभ झाला असेल. परंतु ज्या वर्गातून तो मनुष्य उठून गेला त्या वर्गाचे काय झाले, हा प्रश्न वऱ्हाडातील शाळांच्या इतिहासाचा अभ्यास करताना मला वारंवार पडत आला आहे, आणि त्याचा विचार करू लागलो की रावबहादुर विष्णु मोरेश्वर महाजनी यांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

इन्स्पेक्टराचे काम किती कष्टाचे असे, हे आमच्या बाभुळगावासारख्या ठिकाणी राहणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. यवतमाळहून धामणगावच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे गाव तेव्हा वणी जिल्ह्यात मोडे, कारण जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले ते १९०५ साली. आणि ती सडक सोडून बेंबळेच्या काठच्या काळ्या जमिनीत शिरले म्हणजे पावसाळ्याचे चार महिने बैलगाडी चालणे दुरापास्त. म्हणून शाळा तपासावयाच्या त्या हिवाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कापसाच्या वेचणीला गेलेल्या मुलांमुळे हजेरीपट ओस पडलेला! जमीनमहसुलाबरोबर कास्तकाराकडून शाळापट्टी वसूल होई, तेव्हा तिचा हिशेब सरकारला हवा; मुलांकडून पावकी-निमकी म्हणवून घ्यावी, मोडी कागद वाचवावा, शुद्धलेखन घालावे, आणि शेवटी जो शेरा लिहावा त्यावर एखाद्या गरीब पंतोजीची बढती किंवा खाजगी शाळेची ग्रँट अवलंबून असावी, असा तो अधिकार होता. तपासणारा मनुष्य स्वतः कधी फळ्यापुढे उभा राहिलेला नसेल, तर त्या शेऱ्यात न्याय कोठून येणार?

महाजनी उभे राहिलेले होते. त्यांचा जन्म १८५१ चा, एम. ए. होऊन ते अकोल्याच्या हायस्कुलात आले तेव्हा १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या प्रांतात इंग्रजी शिक्षण अगदी कोवळे होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत कऱ्हाडजवळच्या टेंभूहून दैन्याशी झगडत आलेला गोपाळ गणेश आगरकर हा एक मुलगा होता. गुरुशिष्यांच्या वयात अंतर अवघे पाच वर्षांचे! गुरुजींनी एकदा कानउघाडणी केली असता त्या मानी मुलाने आपणही त्यांच्यासारखेच एम. ए. होऊन दाखवू असे उत्तर दिले, ही कथा आगरकरांच्या चरित्रातून सांगितली जाते. आणि कथेचे तपशील कसेही असोत, १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेलेल्या आगरकरांनी ती पदवी मिळवली, हे खरेच आहे. शिष्याने असे उत्तर द्यावे आणि गुरूने ते मनात डूख न धरता ऐकावे, यात मला त्या वर्गातील मोकळी हवा जाणवते. हेडमास्तराची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते, निकालाच्या तक्त्यात नव्हे.

पुढे हुद्दा वाढला, निरीक्षकाचे आणि नंतर खात्यातील आणखी वरिष्ठ काम आले, तरी शिकवण्याची ओढ सुटली नाही. ती ग्रंथलेखनात उतरली, असे माझे मत आहे. शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन'वरून 'तारा' (१८७९), 'विंटर्स टेल'वरून 'मोहविलसित' (१८८१) आणि 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'वरून 'वल्लभानुनय' (१८८७) ही त्यांची नाटके पाहावीत. सर्वतोमुखी असलेल्या शोकांतिका बाजूला ठेवून वियोगानंतर समेट घडवणारी ही नाटके त्यांनी निवडली, यात निवडणाऱ्याचा स्वभाव दिसतो. 'तारा'चा प्रयोग बडोद्यास पाहून हॅरोल्ड लिटलडेल या इंग्रज प्राध्यापकाने १८८० साली विलायतेच्या 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये त्यावर लेख लिहिला. वऱ्हाडातील एका शिक्षकाच्या लेखणीची वार्ता इतक्या दूर जावी, याचा मला आजही अभिमान वाटतो. 'मोहविलसित'नंतर दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. नावातले ते 'विलसित' गुरूच्या ग्रंथावरून आले असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण दोन्ही ग्रंथ मी एकाच फळीवर ठेवतो.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मुंबई इलाख्यात विद्याखात्याची सूत्रे गोऱ्या डायरेक्टरांच्या हाती असताना वऱ्हाडात श्रीराम भिकाजी जठार यांच्यासारखा एतद्देशीय गृहस्थ त्या जागी बसला होता. महाजनींसारख्यास या खात्यात वर चढता आले, ते अशा प्रांतात.

१९०७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद महाजनींना मिळाले. तोपर्यंत, १९०३ पासून, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला जाऊन येथील शाळांचा कारभार नागपूरच्या डायरेक्टराकडे गेलेला होता. १९२३ साली महाजनी वारले.