झोजीला आणि घोंगडी

बर्फ म्हणजे भुशात ठेवलेली लादी, फार तर गोळेवाल्याच्या किसणीवरचा चुरा. एवढीच आम्हां पुणेकरांची त्याच्याशी ओळख! तो माणसाची वाट अडवतो, हे मला कळले ते झोजीला खिंडीत.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरअखेरीस मी द्रासला निघालो होतो. सोनमर्गला मोटार मिळेना, तेव्हा बटाट्याची पोती नेणाऱ्या एका ट्रकमध्ये जागा मिळवली. चालवायला सरदारजी, जोडीला पोरसवदा क्लीनर. आदल्या रात्री बर्फ पडला होता. बालताल मागे टाकून साडेअकरा हजार फुटांवरची खिंड जवळ आली, तोच मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली. ट्रक हातभर मागे घसरला. एका अंगाला दरी!

"जोर द्या ना आणखी!" मी ओरडलो.

सरदारजींनी उलट पायच उचलला. "बाबूजी, चाक नुसते फिरले की बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठून त्याची काच होते. मग काही खरे नाही."

क्लीनरने उडी टाकून चाकांमागे दगड लावले. फावड्याने चाकांपुढचा बर्फ उपसला. मागच्या चाकांना साखळ्या चढवायला घेतल्या, तर एक तुटलेली! त्या चाकापुढे खडी पसरली, रिकामी पोती अंथरली. चाकाने ती मागे भिरकावून दिली. सूर्य डोंगराआड गेला. बोटे बधिर झाली.

"काही खरखरीत आहे?" सरदारजींनी विचारले.

माझ्या अंगावर आईची माणदेशी घोंगडी होती. "थंडीत उपयोगी पडेल," म्हणून तिने दिलेली. आता आई नव्हती. मी ती घट्ट धरली. मग क्लीनरकडे पाहिले. पोर नुसत्या स्वेटरवर कुडकुडत होते. मी घोंगडी काढून दिली.

आम्ही बाजूला सरलो. सरदारजींनी अगदी हलक्या पायाने गाडी सोडली. चाक घोंगडीवर चढले, रुतले, आणि ट्रक निघाला!

१ नोव्हेंबर १९४८ रोजी याच खिंडीत आपल्या सैन्याने रणगाडे चढवले होते. आमचा बटाट्याचा ट्रक मला त्या घटकेला काही कमी वाटला नाही.

माथ्यावर गाडी थांबवून सरदारजी स्वतः मागे चालत गेले आणि घोंगडी घेऊन आले. मधोमध वीतभर भोक पडले होते.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत ती पुन्हा बाहेर निघाली. "ठिगळ लावू का?" सौ.ने विचारले. मी नको म्हटले. थंडीत उपयोगी पडेल, असे आई म्हणाली होती. पडली की!