मुरब्याचा किनारा आणि परत फिरण्याची वेळ

बोईसरच्या कारखान्यांचा वास मागे पडला की रस्त्याला ताड-माड दिसू लागतात आणि थोड्या वेळाने वाऱ्यावर सुक्या बोंबलाचा वास येतो. तेव्हा समजावे, मुरबे आले. पालघर तालुक्यातले हे मच्छीमारांचे गाव. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि खाडीपलीकडे सातपाटी. सातपाटीचे नाव पापलेटमुळे दूरवर गेले. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्याचा मासा ठरवले तेव्हाही सगळ्यांनी आधी सातपाटीचेच नाव घेतले. मुरब्याकडे बाहेरचे लोक त्या मानाने कमी वळतात, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते बरेच वाटते.

आम्ही गेलो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, म्हणून किनाऱ्यावर लगबग होती. जाळी उतरवून ठेवली जात होती, काही बोटी वर ओढून झाकायची तयारी चालली होती. आभाळ मात्र अजून ठरवत नव्हते. डोक्यावर ऊन आणि नैऋत्येला जांभळट ढगांची भिंत. मुले पाण्याकडे धावली. आम्ही मोठी माणसे एका उलट्या होडीच्या सावलीत बसलो. आमचा भाचाही सोबत होता. तो विमान चालवायला शिकतो आहे आणि सुट्टीला घरी आला होता. आमची आपा, म्हणजे त्याची अम्मी, रोज फोनवर त्याला एकच प्रश्न विचारते, "तिकडे आभाळ कसं आहे?" ढगांची ती भिंत पाहून तोच प्रश्न आता आम्हीही त्याला विचारला. "अशा वेळी तू वर असलास तर काय करशील?"

तो म्हणाला, "मामू, अशा वेळी वर असूच नये. आणि असलो तर तिकडे जाऊ नये."

उत्तर सोपे वाटले, पण बोलता बोलता त्यातली अडचण कळत गेली. लहान विमानाचा नवा वैमानिक डोळ्यांनी पाहून उडतो. खाली जमीन, समोर क्षितिज. त्यासाठी नियम आहेत. साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे, ढगांपासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे तीनशे मीटर अंतर राखले पाहिजे. आपल्या देशात असे डोळ्यांच्या भरवशाचे उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे करता येत नाही. नियम कोरडे वाटतात, पण त्यांच्यामागे माणसाच्या कानाची रचना आहे. तोल सांभाळणारे अवयव आतल्या कानात असतात आणि ते डोळ्यांची मदत घेऊन काम करतात. ढगात शिरल्यावर क्षितिज नाहीसे झाले की हे अवयव फसतात. विमान हळूहळू एका बाजूला कलत असते आणि वैमानिकाला वाटते, आपण अगदी सरळ चाललो आहोत. मग तो 'दुरुस्ती' करतो आणि विमान गोल गोल फिरत खाली येऊ लागते.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याची चाचणी झाली होती. फक्त उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना जणू ढगात शिरल्यासारखे क्षितिज दिसेनासे केले गेले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतःचे छोटे विमान घेऊन निघाला तेव्हा पाण्यावर धुरकट हवा होती. उपकरणांवर उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. पत्नी आणि मेहुणीसह तो समुद्रात कोसळला. चौकशीत कारण निघाले दिशाभ्रम. विमानात काहीही बिघाड सापडला नाही.

हे ऐकत एक म्हातारे तांडेल आमच्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी जाळे विणायची सुई खाली ठेवली आणि भाच्याला विचारले, "तुमचं विमान परत कुठं उतरवता?" भाचा गोंधळला. ते म्हणाले, "आमची अडचण ती आहे. आभाळ काळं झालं म्हणून वळलो तर उशीर झाला समजा. खाडी गाळानं भरली आहे. ओहोटीला तोंडाशी पाणी नसतं. भरती गेली की सहा तास बाहेर. वारा वाढत असताना सहा तास बाहेर उभं राहायचं म्हणजे काय, ते विचारू नका."

म्हणजे तांडेलाचा निर्णय ढग पाहून होत नाही. तो घड्याळ आणि चंद्राची तिथी पाहून, ढग दिसायच्या आधीच झालेला असतो. भाचा लगेच म्हणाला की त्यांनाही निघण्यापूर्वी दुसरा विमानतळ ठरवावा लागतो आणि तिथवर पुरेल एवढे इंधन बाजूला धरावे लागते. ते इंधन संपेपर्यंत पुढे गेला की मग पर्याय उरत नाही. दोघांचे हे बोलणे आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले. एकाने विमान आतून कधी पाहिलेले नाही, दुसऱ्याला पोहता येते की नाही याचीच आम्हाला शंका आहे, पण भाषा एकच निघाली.

या किनाऱ्याचा आणि छोट्या विमानांचा संबंध जुना आहे. नकाशावर अहमदाबाद आणि जुहू एका सरळ रेघेने जोडा. ती पालघरच्या जवळून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी जुहूला उतरले. विमान पस मॉथ, एका इंजिनाचे. सोबत रेडिओ नव्हता, वाट दाखवणारे कोणतेही यंत्र नव्हते. देशातला पहिला वैमानिक परवाना १९२९ साली त्यांनाच मिळाला होता, त्यामुळे हिंमत होतीच. आम्हाला मात्र पुढची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांनी हट्टाने तिथेच उतरायचे ठरवले नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला येरवड्याकडे हलवला. एवढे करूनही घाटावरच्या पावसात टपाल वेळेवर पोचवल्याबद्दल त्यांच्या सेवेची सरकारदरबारी तारीफ झाली.

आणि अलीकडचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा 'गाल कन्स्ट्रक्टर' नावाचा बार्ज नांगर तुटून वाहत आला आणि सातपाटीच्या दक्षिणेला वडराईजवळच्या खडकांवर अडकला. वर १३७ माणसे होती. १८ मे रोजी तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरे आली आणि माणसांना उचलून किनाऱ्यावर आणले गेले. सगळे वाचले. तांडेल म्हणाले, "तेव्हा आमच्यातलं कोणी पाण्यात नव्हतं. बंदरावर बावटा लागला होता." आमच्या मनात आले, वादळात उडणारे ते वैमानिक नेमके त्यासाठीच वर्षानुवर्षे तयार केलेले असतात. त्यांना पाहून हौशी माणसाने स्वतःला त्यांच्या जागी समजू नये.

आमच्याकडे अशा वेळी एक वाक्य पटकन तोंडात येते, "अल्लाह मालिक आहे." ते खरेच आहे, पण ते कोणत्या वेळी म्हणायचे हेही पाहावे. पावसाच्या, चिखलाच्या वेळी मुअज्जिनने लोकांना आपापल्या घरीच नमाज पढण्याचा पुकारा केल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. जिथे मशिदीच्या वाटेवरूनही हवेमुळे थांबायची सवलत आहे, तिथे लग्नाला, कामाला किंवा रविवारची हौस म्हणून पोचलेच पाहिजे, असे कोण म्हणते? तवक्कुल म्हणजे बावटा न पाहणे, असा अर्थ कोणत्याही आलिमाने आम्हाला सांगितलेला नाही.

पण माणूस पुढे का जातो, याचे उत्तर बहुतेक वेळा पैशात असते. रिकामी बोट वळवली की डिझेल गेले, बर्फ गेला, खलाशांना तोंड द्यायचे ते वेगळेच. विमानाचेही तसेच आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावे लागते आणि प्रत्येक तासाचे हजारो रुपये मोजावे लागतात. घरच्यांनी कर्ज काढलेले असते. अर्ध्यावरून परत आलेल्या तासाचेही पैसे लागतातच. भाच्याने ते तेव्हा सांगितले. गेल्या महिन्यात तो एकट्याने दुसऱ्या गावी जायच्या उड्डाणावर निघाला होता, पुढे धूळ आणि ढग दिसले, तो अर्ध्यातून फिरला. दोनच दिवसांनी त्याच्याबरोबरचा एक मुलगा तशाच हवेत पोचून आला आणि मेसमध्ये त्याची वाहवा झाली. भाच्याने घरी यातले काहीच कळवले नव्हते. आपालाही आजच कळले. ती पदर सावरत बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझ्या अब्बांना मी सांगते. तो तास परत उडायचा तर पैसे मी देते."

तांडेल हसले. म्हणाले, "आमच्या बायकांनी असं म्हटलं असतं तर निम्मी जाळी घरीच राहिली असती." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण माणसं सगळी आली असती."

तोवर ढगांची भिंत जवळ आली होती. अस्रची नमाज आम्ही ओसरीच्या आडोशाने पढलो. मुलांना पाण्यातून हाका मारून बाहेर काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एका मावशींकडून दोन जुड्या बोंबील घेतले. त्यांनी ते गुंडाळताना, पाऊस आला तर हे भिजतील, लवकर निघा म्हणून आम्हालाच घाई केली.