मामांच्या दोन फाइली

खांदा दुखतोय म्हटलं, की ऑफिसात दहा जण सल्ले देतात. खुर्ची बदल, माउस बदल, योगा लाव. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही.

विट्याच्या माझ्या मामांना कसला माउस? त्यांचे यंत्रमाग. मागावर हात भरून येणारच, असं सगळे म्हणायचे. दोन वर्षं बाम आणि शेक. मग डावा हात सुजला, घड्याळाचा पट्टा लागेना आणि छातीवर निळ्या शिरांचं जाळं दिसायला लागलं. आमच्याकडे अवघड दुखणं म्हणजे ‘मिरजेला न्या’. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या वरच्या भागात हाड वाढलेलं दिसलं. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही, पण मामींनी देव पाण्यात ठेवले. हाडाचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. टीबीही नव्हता.

नाव निघालं स्टर्नोकोस्टोक्लॅव्हिक्युलर हायपरऑस्टोसिस. मामा म्हणाले, ‘‘हे कुठल्या गाडीचं स्टेशन?’’

फंडा असा. छातीचं मधलं हाड, कॉलरबोन आणि वरच्या बरगड्या जिथे भेटतात, तिथे सूज राहते. हाड जाड होत जातं, सांधे जुळून एक होतात. हातातलं रक्त परत नेणारी मोठी शीर कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधून जाते. जागाच उरली नाही, की ती दबते. मग रक्त आडवाटेच्या बारीक शिरांनी निघतं. तेच ते निळं जाळं.

१९७०च्या दशकात जपान आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. १९८७मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी अशा दुखण्यांना ‘सॅफो’ हे एकत्र नाव दिलं, कारण हाडाबरोबर अनेकांच्या तळहातांवर, तळपायांवर पुळ्या येतात. मामांच्या तळपायांवर त्या होत्याच! पण स्किनच्या डॉक्टरांकडे एक फाइल, हाडाच्या डॉक्टरांकडे दुसरी. दोन्ही एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या.

आजार मुळापासून घालवणारं औषध नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, पॅमिड्रोनेटसारखी इंजेक्शनं आहेत, शिरेत गुठळी झाली तर रक्त पातळ करणारी औषधं आहेत. मामांचं दुखणं कमी झालंय. माग आता मुलगा बघतो, मामा हिशेब. खांद्यापेक्षा त्यांना हेच जास्त सलतं.

घरी फोन कराल तेव्हा ‘तब्येत कशी?’ एवढ्यावर थांबू नका. एकच हात सुजलाय का, विचारा. आणि डॉक्टरांकडे जाताना सगळ्या फाइली एकाच पिशवीत न्या.